भाऊसाहेबांनी भरून दिलेल्या कॅसेटी

आमच्या घरात पुढचे राग कोणते आणायचे हे रविवारी सकाळी ठरायचं, आणि त्यावर एवढा खल चालायचा की शेजारच्या सरूमावशीला वाटायचं, गुरुजींच्या घरात कुणाची तरी सोयरीक ठरतेय. अण्णा, म्हणजे माझे वडील, हसनाबादच्या शाळेत शिक्षक होते. ते खाटेवर मांडी घालून बसायचे आणि पुढ्यात एक लांबट वही उघडायचे. भाऊसाहेबांकडे असलेल्या सगळ्या तबकड्यांची यादी त्यांनी त्या वहीत आपल्या वळणदार अक्षरात उतरवून घेतली होती: राग कोणता, गाणं की वादन, गाणारे बुवा की बाई, वेळ सकाळची की संध्याकाळची. मी खाली बसून त्या यादीवर बोट फिरवायची. दोन बुवा झाले की एक बाई हवी, असा माझा हट्ट. सकाळचे राग जास्त झाले, आता रात्रीचा एखादा बघू, असं अण्णांचं म्हणणं. चुलीपुढे भाकरी थापण्याचा आवाज एका लयीत चाललेला असायचा आणि मधूनच तो थांबला की समजायचं, आता आई बोलणार. "मागच्या बारीचा तो तोडी का फोडी, त्यानं जीव नुसता कासावीस होतो. भाकरी करताना बरं वाटंल असं कायतरी आणा," असं ती म्हणायची आणि पुन्हा थापायला लागायची. रागांची नावं तिने कधी लक्षात ठेवली नाहीत. तिच्या लेखी एक पीठ मळायची कॅसेट होती, एक डाळ निवडायची, आणि एक होती ती पाहुणे जात नसले म्हणजे लावायची.

भाऊसाहेब आमच्या घरात कसे आले, म्हणजे ते स्वतः कधीच आले नाहीत पण त्यांचं गाणं कसं आलं, ते सांगायला हवं. त्यांचं घराणं गावातलं जुनं, मोठ्या शेतीवाडीचं. आमच्या वस्तीतल्या माणसाला त्या घराचं अंगण ठाऊक होतं, बैठक ठाऊक नव्हती. आजोबांनी धम्माची दीक्षा घेतली, अण्णा शिकले, मास्तर झाले, गावातली सगळी पोरं त्यांना गुरुजी म्हणायला लागली, तरी काही उंबरे असे होते की तिथे पाय आपोआप थांबायचे. मतदारयादीच्या कामासाठी अण्णा एकदा त्या घरी गेले. आत तबकडी लावलेली होती. अण्णा हातात कागद धरून पायरीवर उभे राहिले आणि कशासाठी आलो हेच विसरले. भाऊसाहेब बाहेर आले. "गुरुजी, भाईर कामून उभे राह्यले? या की आत," म्हणाले, आणि हाताला धरून त्यांनी अण्णांना बैठकीत नेलं, गादीवर शेजारी बसवलं, घरातल्या कपबशीतून चहा दिला. ही हकीकत अण्णांनी आम्हाला इतक्या वेळा सांगितली की शेवटी आई म्हणाली, "चहात साखर होती का न्हाई, तेवढं मात्र तुम्ही कधीच सांगितलं न्हाई."

त्यानंतर अण्णांनी नवीन जालन्यातून एक टेप आणला आणि महिन्याला एक कोरी कॅसेट आमच्या घरच्या खर्चात येऊन बसली. पगार झाला की पुढच्या रविवारी आम्ही चार-चार करून आठ राग निवडायचो. कॅसेटच्या एका बाजूला चार बसायचे. अण्णा चिठ्ठी आणि कॅसेट घेऊन दुपारी भाऊसाहेबांकडे जायचे आणि दिवेलागणीला परत यायचे. भाऊसाहेबांनी आपल्या तबकडीच्या यंत्राला वायर लावून कॅसेट भरायची सोय केली होती आणि हे काम ते दुसऱ्या कुणाला करू देत नसत. अण्णा परत आले की त्यांच्या अंगाला अत्तराचा वास यायचा. ते आधी हातपाय धुवायचे, मग कॅसेटवर चिठ्ठी चिकटवून नावं लिहायचे, आणि मगच टेप सुरू व्हायचा. आई येसरची आमटी आणि भाकरी पुढे ठेवून म्हणायची, "आधी जेवा, ते गाणं काय पळून जातंय का?" पण ते गाणं पळतच यायचं. तबला आधीच जोरात चाललेला, आवाज आधीच तापलेला, आणि दोन-तीन आवर्तनांत ताना सुटायच्या. सात-आठ मिनिटांत एक राग संपायचा, बारीकसा खट् असा आवाज यायचा, की लगेच दुसरा धावत यायचा. राग म्हणजे असाच असतो, अशी माझी खात्री होती.

हे आता लिहिताना हसू येतं, पण ते फार टिकत नाही. आमच्याकडे रेडिओही होता. त्यावर कधी शास्त्रीय गाणं लागलं की कुणीतरी एकाच स्वरावर बराच वेळ बसलेलं असायचं, तबला मध्येच एखादा ठोका द्यायचा आणि गप्प व्हायचा. आई विचारायची, "हे बी तुमच्यातलंच हाय का गं?" मी मोठ्या जाणकारीने सांगायची, "न्हाई, हे अजून गळा साफ करून राह्यले. राग मंग सुरू होईल." आणि आई बटण फिरवायची. मी बारा-तेरा वर्षांची होते आणि त्या गावात रागांबद्दल माझ्याएवढं माहीत असलेली दुसरी मुलगी नव्हती, म्हणून माझी चूक दाखवायलाही कुणी नव्हतं. अण्णा तेव्हा समोरच बसलेले असायचे. ते वर्तमानपत्र वाचत असायचे.

वस्तीत सुरुवातीला लोक थट्टा करायचे. आमच्याकडे गाणं म्हणजे भीमजयंतीचं, ढोलकीवरचं, सगळ्यांनी मिळून टाळ्या वाजवत म्हणायचं. "गुरुजी, तुमच्या घरात कोण एवढं घाबरून राह्यलंय?" असं ताना ऐकून एकाने विचारलं होतं. मला त्याचं काही वाटत नसे. कॅसेटमधलं सगळं मला पाठ झालं होतं. हौदावर पाणी भरताना, दळण आणताना, शाळेच्या वाटेवर मी ताना घेत चालायची. माझा गळा फिरत होता, हे मी मोठेपणासाठी सांगत नाही. तो फिरतच होता. दहावीच्या वर्षी मी अण्णांना सांगून टाकलं की मला गाणारी व्हायचंय, मास्तरीण नाही. अण्णांनी मला जवळ घेतलं आणि त्यांचे डोळे भरून आले. त्या पाण्यात आनंदाशिवाय आणखी काही होतं का, हे विचारायची बुद्धी तेव्हा मला नव्हती.

भाऊसाहेबांवर माझा फार जीव होता. अण्णांबरोबर मी त्यांच्याकडे दोनदा गेले होते. जाडजूड, गोरेपान, हातात अंगठ्या, बोलणं मऊ. मला ते "आमची गाणारी" म्हणायचे. एकदा त्यांनी यंत्र लावून मला विचारलं, "सांग बरं, कोणता?" मी पहिल्या तानेलाच "बिहाग" म्हणाले. ते एवढे खूश झाले की आतून चिवड्याची ताटली मागवली आणि अण्णांना म्हणाले, "गुरुजी, पोरगी हुशार हाय हो तुमची. बिलकुल बराबर सांगितलं." परत येताना मी रस्त्यावरून उड्या मारत आले. माझ्या मनात गाणं शिकवणारं जे कोणी होतं, ते म्हणजे भाऊसाहेबच.

दहावीनंतर मला जालन्याच्या कॉलेजात घातलं. राहायला मामाचं घर होतं. स्टेशनच्या बाजूला सुधाताई नावाच्या एक गायिका दोन खोल्यांत गाणं शिकवायच्या. मोजक्याच मुली घ्यायच्या, त्याही ऐकून, पारखून. मामाने त्यांचा पत्ता काढला आणि अण्णा मला घेऊन जायला खास गावाहून आले. निघताना मी पिशवीत चार कॅसेटी भरल्या. अण्णा म्हणाले, "कॅसेटी कशाला नेऊन राह्यली? राहू दे. तू नुसतं गा." मी म्हटलं, त्यांना कळायला नको का आपल्याकडे काय काय आहे? त्यांनी दोनदा सांगितलं, मी दोनदा ऐकलं नाही. रिक्षात ते पिशवीकडे बघत बसले होते.

सुधाताई साठीच्या, बारीक चणीच्या, चष्मा नाकावर घसरलेला. आत तानपुरा, एक जुनं यंत्र, भिंतीला लागून तबकड्या. त्यांनी विचारलं, "आतापर्यंत काय ऐकलंयस?" मी तोंड भरून सांगितलं की मला साठ राग पाठ आहेत. त्या हसल्या नाहीत, नुसतं म्हणाल्या, "म्हण एखादा." मी भीमपलास म्हटला, कॅसेटमध्ये होता तसाच, तोच पहिला स्वर, त्याच ताना, शेवटची तिहाईसुद्धा. संपल्यावर सुधाताईंनी घसरलेला चष्मा वर सरकवला. मग म्हणाल्या, "गळा छान आहे गं. आता याचा बडा ख्याल म्हण."

"हाच ख्याल आहे ना," मी म्हटलं.

"हे द्रुत झालं, जलद. आधीचं संथ, विलंबित?"

"आमच्या कॅसेटमध्ये एवढंच आहे."

त्यांनी कॅसेट मागितली. टेपला लावली, ऐकली, तो खट् आवाज आला तसं त्यांच्या कपाळाला आठी पडली. "कोणी भरून दिलं हे?" त्यांनी विचारलं. मी अभिमानाने भाऊसाहेबांचं नाव सांगितलं. त्या उठल्या, तबकड्यांमधून एक काढली आणि म्हणाल्या, "हीच ती. आता गप बसून ऐक."

तबकडी सुरू झाली. आधी नुसता तानपुरा. मग तो आवाज आला, मला तोंडपाठ असलेला तोच आवाज, पण तो कुठेही पळत नव्हता. तो एका स्वराजवळ गेला आणि तिथेच बसला. मी वाट पाहत राहिले. मग तो हळूच एक पायरी वर चढला, परत आला. तबल्याचे ठोके इतके लांब लांब पडत होते की पुढचा येईपर्यंत मी श्वास धरून ठेवत होते. दहा मिनिटं, बारा मिनिटं, पंधरा. ज्या ताना मी हौदावर घेत फिरत होते, त्या कुठून येतात, कशासाठी येतात, हे मला पहिल्यांदा कळत होतं. आणि मग, ओळखीचा तो ठेका आला, माझ्या भीमपलासाची सुरुवात. म्हणजे आमच्या घरात राग जिथे सुरू होत होता, तिथे तो संपत आलेला असायचा. अण्णांनाही हे पहिल्यांदाच कळत असणार, त्यांची काय अवस्था झाली असेल, असं वाटून मी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं.

अण्णांना आश्चर्य वाटलेलं नव्हतं. ते दारातल्या चपलांकडे बघत होते. शाळेत गणित चुकलेलं पोर मास्तरांसमोर उभं राहतं तसा त्यांचा चेहरा होता. एवढी वर्षं झाली, पण त्या खोलीतलं बाकी सगळं पुसट झालंय आणि तो चेहरा तेवढा लख्ख दिसतो.

मामाच्या घराकडे आम्ही पायी निघालो. रस्त्यावर ऑटो, मोटारसायकली, बियाण्यांच्या दुकानांपुढे पोत्यांच्या थप्प्या. मी बोलत सुटले. भाऊसाहेबांनी आपल्याला फसवलं, सुई मुद्दाम पुढे ठेवली, चांगलं ते स्वतःकडे ठेवून शेपूट आपल्याला दिलं. शेवटी मी रस्त्यातच उभी राहिले आणि विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"होतं," अण्णा म्हणाले. "पहिल्या दिवसापासून. मी तिथंच बसेल होतो ना. तबकडी उजेडात धरली की तिच्यावर रेघा कुठं दाट होतात ते दिसतं. ते बराबर तिथं सुई ठेवायचे."

"मंग तुम्ही काही म्हटलं न्हाई?"

"पहिल्या दिवशी म्हटलं. सुरुवातीपासून भरा म्हटलं. तर ते हसले. म्हणाले, गुरुजी, ते संथ गाणं तुमच्या घरात कशाला? ते ऐकायला पिढ्या लागतात. तुम्हाला गोड गोड तेवढं काढून देतो." मग म्हणाले, "बोलणं मायेचंच होतं, उजू. चहा ओतता ओतता म्हणाले. मी पुन्हा म्हटलं असतं तर... तर पुढच्या बारीला त्यांनी आत बोलावलं असतं का न्हाई, काय माहीत."

भाऊसाहेबांचा राग मला आला, तो सरळ होता, कुणालाही यावा असा. तो मी आजही बाळगून आहे आणि त्याचा मला त्रास होत नाही. पण अण्णांनी जे केलं ते मला कुठे ठेवावं हेच कळत नव्हतं. रविवारच्या त्या निवडी, बुवा की बाई, सकाळचा की रात्रीचा, त्यावरची भांडणं, ती वळणदार अक्षरातली यादी; आणि हे सगळं चालू असताना समोरच्या माणसाला ठाऊक होतं की आपण जे निवडतोय त्यातलं अर्धंसुद्धा घरात येणार नाही. मी रेडिओवरच्या गायकाला गळा साफ करतोय म्हणत होते, तेव्हा त्यांना ठाऊक होतं. मी गाणारी होणार म्हटलं, तेव्हाही. एका गादीवरच्या बसायच्या जागेसाठी त्यांनी मला त्या खोट्यात वाढवलं. मी हे त्यांना तिथेच, भर रस्त्यात, मोठ्याने बोलून दाखवलं. लोक बघत होते. अण्णा म्हणाले, "तू इतकी खूश होऊन ऐकून राह्यल्ती..."

दिवाळीच्या सुट्टीत घरी गेले तेव्हा आईला सगळं सांगितलं. ती अंबाडीची भाजी निवडत होती. तिने हातातली भाजी खाली ठेवली. "म्हंजी एवढे दिवस कोरभर भाकर खाऊन पोट भरलं म्हणून राह्यलो व्हय आपण?" असं म्हणून ती जरा हसली, आणि मग अण्णांकडे वळली. तिला इतक्या थंड आवाजात बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. "त्यांनी कापलं ते कापलं. तुम्ही कामून झाकलं?"

मी एक मागणी केली. फक्त एकच. या महिन्यात आठ राग नकोत, एकच भरून आणा, पण पहिल्यापासून शेवटपर्यंत. कोणताही. मी म्हटलं, "तुम्ही नुसतं विचारा. ते न्हाई म्हणाले तर न्हाई." अण्णा हो म्हणाले. कोरी कॅसेट खिशात घालून गेले. मी आणि आई दारातच बसलो होतो. दिवेलागणीला ते आले, हातपाय धुतले, चिठ्ठी काढली आणि चिकटवायला लागले. त्यावर आठ नावं होती.

"विचारलं का?" मी म्हटलं.

"विषयच न्हाई निघाला," अण्णा म्हणाले.

त्या दिवशी मी जेवले नाही. आईने भाकरी झाकून ठेवली. ती कॅसेट आमच्या घरात कधी लागली नाही. पण अण्णा भाऊसाहेबांकडे जात राहिले, महिन्याच्या महिन्याला, भाऊसाहेब गेले तोपर्यंत.

सुधाताईंनी मला घेतलं होतं. पहिलं वर्ष त्यांनी मला ताना घेऊ दिल्या नाहीत. नुसतं बसायचं आणि एक स्वर लावून थांबायचं. मी थांबायची, पण आतून घाई सुटायची. दोन मिनिटांत गळा पुढे धावायचा आणि सुधाताई तानपुऱ्यावर हात ठेवून तो बंद करायच्या. तीन वर्षं त्यांनी मला जीव तोडून शिकवलं. मग एक दिवस फार प्रेमाने म्हणाल्या, "उज्ज्वला, गळा देवाने दिलाय तुला. पण तुला थांबवत नाही गं. हे मी नाही शिकवू शकत." मी बी.एड. केलं आणि शाळेत लागले. माझ्या गाण्याचं जे झालं त्याचा दोष कुणाला द्यायचा, हा हिशेब मी पुष्कळदा मांडला आणि दर वेळी तो अण्णांपाशी येऊन थांबला. कदाचित माझ्यातच नसेल तेवढं. पण ते कळायची संधी मला मिळायला हवी होती.

आई गेल्यावर अण्णा माझ्याकडे जालन्याला राहायला आले. तोवर माझा स्वतःचा संग्रह झाला होता. आधी कॅसेटी, मग सीडी, आणि आता तर सगळं फोनवरच मिळतं, पण तिथेही मी निवडून, पारखून यादी करते, आणि नियम एकच: जे ठेवायचं ते पूर्ण. कुठे मधूनच सुरू झालेलं, कुठे तुकडा तोडलेला, असं काही मी ठेवत नाही. एका संध्याकाळी मी मुद्दाम अण्णांसमोर हातातल्या फोनवर मारवा लावला. पन्नास मिनिटांचा. त्यांना ऐकवायचा होता त्यापेक्षा मला दाखवायचा होता. बघा, हे आपल्याला मिळू दिलं नाही तुम्ही. ऐंशीला आलेल्या माणसावर असा सूड काढावा का, हे मला कुणी विचारलं असतं तर मी मान खाली घातली असती. पण मी लावला.

अण्णा डोळे मिटून ऐकत होते. पाचेक मिनिटांनी त्यांचा पाय हलायला लागला. आठ-नऊ मिनिटं झाली तसे त्यांनी डोळे उघडले, जरा ओशाळून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "उजू, जरा पुढं घे ना."

इतकी वर्षं साठवून ठेवलेलं सगळं माझ्या तोंडाशी आलं. बोलण्यासाठी मी फोन खाली ठेवायला गेले, तेव्हा पाहिलं, तर माझा अंगठा आधीच गाणं पुढे सरकवून बसला होता.